अ समरी

दूधवाले मामा रोज सहाला येतात, माप ओततात आणि फारसं न बोलता पुढच्या घरी जातात. सप्टेंबर २०२१ मध्ये एका सकाळी त्यांनी कॅनचं झाकणच काढलं नाही. गाडी स्टँडला लावली, शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

“जरा बघा की दादा. कोर्टातनं आलाय. पोरगं म्हणतंय समरी का काय ते हाय. मला तर काय कळंना.”

मी उंबऱ्यातच वाचायला लागलो. सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारे, दाखले, कोर्टाचे कागद दिवसभर माझ्या हाताखालून जातात. नोटीस ओळखायला मला दोन ओळी पुरतात. तिसऱ्या ओळीत माझ्या बहिणीचं नाव होतं. नावाच्या आधी ‘मयत’. सदर गुन्ह्यात तपासी अंमलदारांनी ‘अ’ समरी मंजुरीसाठी अहवाल सादर केला आहे, तरी फिर्यादीने अमुक तारखेस हजर राहून आपले म्हणणे मांडावे, असं खाली लिहिलं होतं.

फिर्यादी म्हणजे दूधवाले मामा. आम्ही नाही.

जवळजवळ तीन वर्षं आई महिन्यातून एकदा पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसत होती. लॉकडाऊनमधले महिने सोडले तर एकही खाडा नाही. ‘तपास चालू आहे’ हे उत्तर ऐकायचं आणि परत यायचं. त्या बाकापासून दहा पावलांवर तपास बंद करायचा कागद तयार झाला, साहेबांच्या सहीने कोर्टात गेला, आणि तिला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. मामा आले नसते तर आम्हाला कळलंही नसतं.

२०१८ ची दिवाळी चार दिवसांवर आली होती. ती बावीस वर्षांची. कापड पेठेतल्या एका दुकानात साडी विभागात कामाला होती. आमचं घर आयर्विन पुलापलीकडे. पेठेतून पुलावरून चालत आलं तर वीस-पंचवीस मिनिटं. रोज दुकान बंद केल्यावर मी तिला गाडीवरून घेऊन यायचो. त्या रात्री मला ताप होता. पावणेदहाला तिचा फोन आला. “दादा, तू झोप. आज हिशेबाला उशीर आहे. पुलापर्यंत बरोबरच्या मुली आहेत, पुढं काय, पाच मिनिटांचा तर रस्ता.” मी ‘बरं’ म्हणालो.

साडेअकराला आईने हलवून उठवलं. फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. शेजारचे काका आणि मी पुलावरून तीन फेऱ्या मारल्या, कडेच्या उसात टॉर्च मारली. एक वाजता ठाण्यात गेलो. सकाळपर्यंत वाट बघा, मैत्रिणीकडे गेली असेल, असं सांगितलं. पहाटे पावणेसहाला दूध घेऊन येताना मामांना ती दिसली. रस्त्यापासून अठरा फुटांवर, उसाच्या कडेच्या गवतात. अठरा फूट हा आकडा मला नंतर पंचनाम्यात वाचायला मिळाला. आम्ही तिथूनच तीन वेळा गेलो होतो.

मामांनी शंभर नंबरला फोन लावला. पोलीस आले, मामांनी जे पाहिलं ते लिहून घेतलं आणि त्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल झाला. आम्ही तेव्हा सिव्हिलच्या शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर उभे होतो. फिर्याद कोणाच्या नावाने लिहिली जाते हा प्रश्न त्या सकाळी कुणाच्या डोक्यात येणार? दुपारी ताबा पावतीवर सही केली आणि तिला घरी आणलं. ओढणीने गळा आवळलेला होता. याहून जास्त त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पुढचे आठ दिवस जबाब. माझा, आईचा, दुकानातल्या मुलींचा, मालकांचा. मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा, की तिचं कुणाशी काही होतं का. चारदा विचारलं, चार वेगवेगळ्या माणसांनी. प्रश्न विचारणं त्यांचं कामच आहे, हे मला आज कळतं. पण तोच प्रश्न गल्लीत आला तेव्हा त्याला उत्तर चिकटलेलं होतं. ‘रात्रीची एकटी कशाला चालत यायची’ हे तर तेराव्याला जेवायला बसलेल्या पंगतीतही कुणीतरी बोललं. आई वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, “कामावरनं घरी येत होती. दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं यायला पाहिजे होतं?”

दुकानं आणि आस्थापनांचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर थांबवायचं तर तिची संमती पाहिजे आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय पाहिजे. हे मला त्या पंगतीच्या वेळी माहीत असतं तर मी उठून सांगितलं असतं. कुणीतरी काहीतरी चुकवलं असेल तर ते ती चालत आली हे नव्हे.

एक गोष्ट मात्र आमच्या घरात पहिल्या आठवड्यातच ठरली. हंगाम सुरू झाला होता, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या होत्या. त्यातल्या दोघांना चौकशीला नेलं. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, चार फटके टाकले की सांगतात. सांगलीत एकच वर्ष आधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. सगळं शहर त्यासाठी रस्त्यावर आलं होतं. आई म्हणाली, “कुणीतरी नको. ज्यानं केलं तोच पाहिजे.” ते दोघे दोन दिवसांनी सुटले. त्यांचा काही संबंध नव्हता.

आता माझ्या चुकीबद्दल.

तेरावा झाल्यावर मी पेठेपासून पुलापर्यंत कॅमेरे मोजत गेलो. सात होते. चारांचं तोंड गल्ल्याकडे, एक बंद. एकाच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये, दहा दिवसांचंच राहायचं, पुढचं जुन्यावर आपोआप लिहिलं जायचं. म्हणजे मी तीन दिवस उशिरा पोचलो होतो. राहिला एका सराफांचा. त्यांच्याकडे महिनाभराचं होतं, आणि त्यातून पोलिसांनीही पेन ड्राइव्हवर चित्रण नेलं होतं. सराफांनी मला बसवून दाखवलं. नऊ सेकंद. ती डावीकडून येते, खांद्यावरची पिशवी सावरते, एकदा मागे वळून बरोबरच्या मुलींना काहीतरी म्हणते आणि चौकटीबाहेर जाते. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती १०.२१.

मी ते पाचसहा वेळा पाहिलं. मग सहज मोबाइलमध्ये किती वाजले ते पाहिलं आणि डीव्हीआरचं चालू घड्याळ पाहिलं. मशीन सतरा मिनिटं पुढे होतं. म्हणजे ती तिथून १०.०४ ला गेली होती. संध्याकाळी मी ठाण्यात जाऊन हवालदारसाहेबांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, साहेबांच्या कानावर घालतो. मी समाधानाने घरी आलो.

कागदावर लिहून दिलं नाही. ज्याचा दिवस कागदाच्या प्रती काढण्यात जातो, त्याने लिहून दिलं नाही.

तपासात काय काय होत होतं ते आम्हाला तुकड्या-तुकड्याने कळायचं. तिच्या फोनचे कॉल तपशील आले, त्यात काही निघालं नाही. स्थानिक गुन्हे शाखेचे लोक दोनदा येऊन गेले. नखांचे तुकडे, ओढणी, कपडे लाखेचं सील करून पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. सीए रिपोर्ट, म्हणजे त्या प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल, कधी येणार हे आई दर महिन्याला विचारायची. तिच्या पिशवीत कागदाच्या पुडीत गुलाबी पूड सापडली होती, तीही गेली. आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, साहेब, ती रांगोळी आहे, मीच आणायला सांगितली होती. तरी नियमाप्रमाणे ती सीलबंद होऊन गेली आणि काही महिन्यांनी रिपोर्ट आला की पुडीत विषारी अथवा अमली द्रव्य आढळले नाही. नखांमध्ये दुसऱ्या कुणाचं काही मिळालं नाही.

ज्या उसाच्या कडेला ती सापडली तो ऊस पुढच्या महिन्यातच तुटला. पाचट पेटवलं. तिची डावी चप्पल पंचनाम्यात आहे, उजवी मिळाली नाही. फड तुटायच्या आधी आत आणखी शोधायला हवं होतं असं मला सुचलं तेव्हा तिथे काळी जमीन होती.

मग २०१९ ची निवडणूक, बंदोबस्त. पहिले तपासी अंमलदार बदलून गेले. ऑगस्टमध्ये महापूर. आयर्विन पुलाला पंचेचाळीस फुटांवर धोक्याची पातळी. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमचं घर माळ्यापर्यंत बुडालं. छावणीतून परत आल्यावर गाळ काढायच्या आधी आई ठाण्यात गेली आणि विचारून आली, मुद्देमाल भिजला का? वरच्या मजल्यावर आहे, कोरडा आहे, असं सांगितलं. तेवढं ऐकून तिने पदर खोचला आणि फावडं हातात घेतलं. नंतर कोरोना, दुसरे अंमलदार, तिसरे.

आणि मग मामांचा कागद.

त्याच दिवशी मी मामांना घेऊन विजयनगरच्या न्यायालयात गेलो. तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात आहे, म्हणून अर्ज आईच्या नावाने केला. मिळालेल्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी मला आधी समरी समजावून सांगितली. ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. ‘अ’ म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी मिळून आला नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरावा नाही.

“म्हणजे फाइल बंद?” मी विचारलं.

“कपाटात,” त्या म्हणाल्या. “खुनाला मुदत नसते. नवीन काही मिळालं तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) खाली पुढचा तपास कधीही करता येतो. पण आधी हे मंजूर व्हायच्या आत आपलं म्हणणं जाऊ दे.”

आमचं म्हणणं कोर्ट ऐकेल का, हीच मला भीती होती, कारण फिर्यादी आम्ही नव्हतो. त्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल दाखवला, भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त, दिल्ली. असा अहवाल स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकलंच पाहिजे. मृताच्या नातेवाइकाला नोटीस मिळण्याचा हक्क नाही, पण त्याला कळलं आणि तो हजर झाला तर त्याचंही ऐकलं पाहिजे. वकीलबाई म्हणाल्या, हे भगवंत सिंगसुद्धा मुलीचे वडीलच होते. आईने ते नाव दोनदा म्हणून घेतलं.

नकलेसाठी अर्ज केला आणि काही दिवसांनी सगळी फाइल हातात आली. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ती रात्री वाचली. पंचनाम्याची भाषा वाचणं सोपं नाही. ‘मयताचे डोके पूर्वेस व पाय पश्चिमेस असून उजव्या हाताची मूठ मिटलेली आहे.’ ‘डाव्या पायातील काळ्या रंगाची चप्पल, वापरती, किंमत अंदाजे रुपये शंभर.’ ती चप्पल मी तिच्याबरोबर जाऊन घेतली होती. अडीचशेला.

आणि मग ते पान आलं. सीसीटीव्हीचा पंचनामा, वेळ १०.२१. घड्याळ पुढे असल्याचा कुठे शब्द नाही. त्या १०.२१ वरून पुलाजवळच्या टॉवरखाली कोणकोणते फोन होते त्याची माहिती मागवलेली होती, रात्री १०.१५ ते ११.१५ या वेळेतली. ती पूल ओलांडून पलीकडे पोचली असणार ती १०.१५ च्या आसपास. जो कोणी तिच्या मागे किंवा पुढे पुलावर होता, त्याची आधीची दहा-पंधरा मिनिटं त्या यादीत नव्हतीच.

आमच्या हरकतीच्या अर्जात हा मुद्दा पहिला घातला. सराफांनी चांगुलपणाने प्रतिज्ञापत्र दिलं की मशीनची वेळ पुढे होती आणि नंतर दुरुस्तीवाल्याने ती लावून दिली. चार तारखा पडल्या. दुसऱ्या तारखेला दूधवाले मामा दुधाचा रतीब उरकून धुतलेलं धोतर नेसून आले. न्यायाधीशांनी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? मामा म्हणाले, “सायेब, मी नुसतं बघितलंया. पोर ह्यांची हाय. ह्यांचं ऐका.”

जानेवारी २०२२ मध्ये पुढील तपासाचा आदेश झाला. त्या दिवशी कोर्टाबाहेरच्या टपरीवर आईने कितीतरी दिवसांनी पूर्ण कप चहा घेतला.

पण फोन कंपन्यांकडून उत्तर आलं की त्या रात्रीची नोंद आता उपलब्ध नाही. त्या काळात कॉलच्या नोंदी एक वर्ष जपणं एवढंच कंपन्यांवर बंधन होतं. डिसेंबर २०२१ पासून ते दोन वर्षं झालंय. आमची तीन वर्षं उलटून गेली होती. सतरा मिनिटांचा तो कागद नोव्हेंबर २०१८ मध्ये ठाण्याच्या आवकेत पडला असता, तर त्या यादीत कोणता नंबर असता, हा विचार मी अजून रोज करतो. नवीन अंमलदारांनी बाकी काम मनापासून केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी दुकानातल्या मुलींना परत बोलावलं, पुलाजवळच्या गाडेवाल्यांना शोधून काढलं. एकाला आठवत होतं की एक मोटारसायकल दिवा न लावता उभी होती. नंबर नाही, रंग नाही.

२०२३ मध्ये दुसऱ्यांदा ‘अ’ समरी आली. या वेळी नोटीस आईच्या नावावर होती. पोस्टमनने हाक मारली तेव्हा तिने स्वतः सही केली. वकीलबाईंनी एकच मागणी लावून धरली, की मुद्देमाल नष्ट करू नये. समरी मंजूर करताना कोर्टाने ती मागणी आदेशात घेतली.

नुकसानभरपाईबद्दलही थोडं लिहितो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आरोपी सापडला नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तेव्हा तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ च्या चौथ्या पोटकलमाखाली व्हायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली होतो. आई दोन वर्षं नको म्हणत होती. मग केला. आलेली रक्कम तिच्या नावाने ठेव म्हणून आहे, तिला आम्ही हात लावलेला नाही.

माझ्या दुकानात अधूनमधून असा कुणीतरी येतो, ज्याच्या हातात एफआयआरची प्रत असते. मी झेरॉक्स काढता काढता विचारतो, फिर्यादी कोण आहे? तुमचं नाव नसेल तर आजच अर्ज द्या, की आम्ही मृताचे वारस आहोत, अहवाल पाठवाल तेव्हा आम्हाला कळवा. जवळचे कॅमेरे त्याच दिवशी मोजा आणि चित्रण जपून ठेवा असं पोलिसांना आणि दुकानदारालाही लेखी द्या. मशीनची वेळ बरोबर आहे का बघा. जे सांगायचं ते दोन प्रतींत लिहा, एकीवर आवकेचा शिक्का घ्या. जुलै २०२४ पासूनच्या या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे, आणि पीडित म्हटलं की त्यात वारसही आले. मामांच्या कागदाची वाट बघायची वेळ आता कुणावर येऊ नये. अशा माणसांकडून मी पैसे घेत नाही.

दर वर्षी दिवाळीच्या आधी मी ठाण्यात एका पानाचा अर्ज देतो. गुन्हा नोंदणी क्रमांक, तारीख, आणि एक ओळ, की सदर गुन्ह्याच्या सद्यस्थितीची माहिती मिळावी. मागच्या वर्षी ठाणे अंमलदार नवीनच होते, सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत नोंद शोधली आणि थोडा वेळ तिथेच बघत राहिले. मग म्हणाले, “तिच्या वस्तू आहेत अजून आमच्याकडे. कोर्टात अर्ज केलात तर परत मिळतील. घरच्यांना वाटतं कधी कधी.”

घरी येऊन मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. पिशवी, रुमाल, चाव्या, डावी चप्पल, सगळं मी तिला यादीप्रमाणे वाचून दाखवलं.

“ते सील फोडायला लागंल का?” तिने विचारलं.

“हो.”

“मग राहू दे तिथंच. उजवी सापडली तर जोड लावून बघायला लागंल की नाही?”